फळ्यावर सगळ्यात वर

विनिताताईचा प्रोग्राम आठवडाभर नुसता भांडत होता. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट! कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर एक फळा आणि त्यावर लिहिणारे तज्ज्ञ. बाबांच्या गोखिवऱ्याच्या गाळ्यातली रबर मळायची मिल बिघडली की मोटरवाला, पट्टावाला, गिअरवाला, ज्याला जे दिसेल ते तो फळ्यावर खरडणार. फळा भरायचा, मिल बंद ती बंदच! शेवटी ताईने फळ्याच्या डोक्यावर आधी ध्येयच लिहायला लावलं.

"ध्येयाला काय लागतं ते खाली. त्याला काय लागतं ते त्याच्या खाली. ज्याच्याकडे ते असेल, फक्त त्यालाच उठवायचं. बाकीचे गप्प."

ताईच्या धाकट्या बहिणीला, नववीतल्या अनुष्काला, ते "बाकीचे गप्प" भलतंच आवडलं. वर्गाची नवी मॉनिटर होती ना ती!

शनिवारी शाळा सुटल्यावर ती डबा घेऊन गाळ्यात शिरली. मिलचे दोन जाडजूड लोखंडी रोलर एकमेकांकडे फिरत रबर गिळत होते. आवाज असा की इथे तोंडी हुकूम चालतच नसे. भिंतीवरच्या फळ्यावर काम आणि नाव लिहायचं, की तो माणूस उठणार.

जितेशकाकाने, बाबांच्या धाकट्या भावाने, रबराची कड आत ढकलली आणि रबराने त्याचा हातमोजाच आत खेचला. मागोमाग बोटं, तळवा, मनगट. कडकड हाडं मोडली. काका गुरासारखा ओरडला आणि नेमकी तेव्हाच लाइट गेली. रोलर थांबले. हात आतच.

"ओढा रे!" बाबांनी काकाच्या कमरेला मिठी घातली. दोघा कामगारांपैकी उंचापुरा आत्माराम खांद्याला लटकला. हरेश्वर पहारीने रोलरवर घाव घालत सुटला. प्रत्येक हिसक्याला कातडं सोलून निघत होतं, रक्ताने रोलर माखले होते.

"दादा, मारशील रे मला!"

अनुष्काने वर पाहिलं. मेन स्विचचा खटका चालूच होता. लाइट आली की रोलर फिरणार आणि काका खांद्यापर्यंत आत!

"मेन पाडा!" ती किंचाळली. ऐकतंय कोण!

तिने तळहाताने फळा पुसला. सगळ्यात वर लिहिलं: काकाचा हात बाहेर. त्याला काय लागतं? रोलरमध्ये फट. फटीला? दोन्ही टोकांचे स्क्रू एकदम ढिले. आणि त्याच्याही आधी? खडू मोडला, तरी ती लिहीत राहिली: मेन – आत्माराम. पाने – हरेश्वर. मग डबा फळ्यावर धाडधाड आपटला.

सवयीने दोघांच्या माना वळल्या. नाव दिसलं, पाय निघाले. आत्मारामने उडी मारून खटका खाली पाडला. हरेश्वर पहार टाकून स्क्रू फिरवायचे पाने आणायला धावला.

बाबा मात्र ओढतच होते.

"बाबा, सोडा! तुटेल हात!"

"हो बाजूला! भाऊ आहे माझा!"

तिने डबा त्यांच्या मनगटावर हाणला. सुटेनात. मग सरळ तोंडावर हाणला. ओठ फाटला, आमटी अंगभर सांडली, बाबा मटकन खाली बसले.

तेवढ्यात लाइट आली. शेजारच्या गाळ्यातली यंत्रं धडधडली. सगळे रोलरकडे बघत राहिले. रोलर जागचे हलले नाहीत.

मग एका टोकाला आत्माराम, दुसऱ्याला हरेश्वर. पाने फिरले, फट उघडली. हात निघाला. दोन बोटं मात्र रबरातच राहिली. अनुष्काने ओढणी काकाच्या मनगटावर करकचून आवळली.

बाबा रक्त पुसत फळ्याकडे बघत होते.

"माझं नाव कुठंय गं?"

तिने उरलेल्या तुकड्याने लिहिलं: टेम्पो – बाबा.

ते उठून पळाले. काका तिच्या खांद्यावर मान टाकून पुटपुटला, "दादाला सांग, आधी शर्ट बदल. दवाखान्यात आमटीचा वास सुटेल."