पोरीच्या डोक्यावरचा हात

दयानंद दुकानातून घरी आला की मंजुश्री आधी त्याच्या खांद्यावरचा टॉवेल काढून घ्यायची. धुवायला टाकते म्हणायची आणि मोरीच्या आडोशाला जाऊन नाकाला लावायची. दयानंद चाकुरात पाण्याच्या मोटारी भरायचा, म्हणजे जळालेल्या मोटारीतली तार काढून नवी गुंडाळायचा. त्या कामातलं वार्निश इतकं उग्र की त्याच्याआड दुसरा कुठलाही वास सहज दडून बसावा. म्हणून टॉवेलाला नुसता वार्निशचा वास आला तरी मंजुश्रीचं समाधान होत नव्हतं. उलट संशय वाढायचा.

लातूरच्या व्यसनमुक्ती केंद्रातून तो आला त्याला चार महिने झाले होते. आला त्या दिवशी त्याची आई सुमनबाई दारातच उभी होती. तिनं त्याला उंबरा ओलांडू दिला नाही. दहा वर्षांच्या ऋतुजाला पुढं ओढलं आणि म्हणाली, "हिच्या डोक्यावर हात ठेव आन् बोल. थेंब जरी तोंडात गेला तर हिला भोवंल, असं बोल." दयानंद बोलला. ऋतुजा डोळे घट्ट मिटून उभी होती, दवाखान्यात सुई घेताना राहायची तशी. मंजुश्रीला तेव्हा बरंच वाटलं होतं. डॉक्टर, गोळ्या, केंद्र हे सगळं एकीकडं. पोटच्या पोरीची शपथ कोण मोडतो?

पण घरात आलेला माणूस तिला ओळखीचा वाटेना. लग्नानंतरची पहिली तीन वर्षं दयानंद पीत नव्हता. तेव्हा तो शांत होता, विचार करून बोलायचा. हा तसा नव्हता. भाजी आणायला बाजारात गेला आणि शेळी घेऊन आला. "दिसली, आवडली, घेतली," म्हणाला. ती बांधायची कुठं, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. एकदा मीठ कमी पडलं म्हणून त्यानं ताट ढकललं आणि पाच मिनिटांनी तेच ताट ओढून हसत जेवला. एकदा कंडक्टरशी वाजलं म्हणून चालत्या एसटीतून उतरला आणि गुडघा फोडून घेतला. पिलेला माणूस जे जे करतो ते तो करत होता. फक्त पिलेला दिसत नव्हता.

मग एका सकाळी गुंडप्पा आला. दुकानाचं जुनं गिऱ्हाईक, पण दुकानात न जाता सरळ घरी आला. बसला नाही, पाणीही नको म्हणाला.

"वहिनी, मोटार आठ दिवसांत जळाली. दुसऱ्या मिस्त्रीनं उघडून बगितली. वेढे कमी भरलेत म्हनला. दयानंदचा हात असा नव्हता. मी काय म्हनत न्हाई. तुमी तेवढं बगा."

मी काय म्हनत न्हाई, असं तो जाईपर्यंत तीनदा म्हणाला. शेजारच्या ओसरीवरची निवडटिपण तेवढ्यापुरती थांबली होती, हे मंजुश्रीच्या लक्षात आलं.

त्याच आठवड्यात ऋतुजा तापली. चाकूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासून टायफॉइड सांगितला. सुमनबाईनं तो कागद हातातसुद्धा घेतला नाही.

"ताप उगंच येत न्हाई, माय. कुनीतरी काहीतरी केल्याबगर येत न्हाई."

मंजुश्री शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायची. ताप पाण्यानं येतो, हात धुवा, असं ती रोज शंभर पोरांना सांगायची. सासूला मात्र तिला ते सांगता आलं नाही. कारण पोरीच्या कपाळावर पट्टी ठेवताना तिच्याही मनात तेच येत होतं.

दुपारी दयानंद एका मळ्यात मोटार बसवायला गेला, तेव्हा तिनं दुकानाची दुसरी किल्ली घेतली. वार्निशचे डबे उघडून बघितले. तारेच्या रिळांमागं हात घातला. बाटली नव्हती. पण बाकाच्या फळीखाली ऋतुजाची जुनी वही सापडली. मागची पानं रेघांनी भरली होती. चार उभ्या, त्यांवर एक आडवी. पुन्हा चार उभ्या, पुन्हा आडवी. पानंच्या पानं. काही ठिकाणी पेन्सिल इतकी दाबली होती की कागद फाटला होता.

दारूच्या क्वार्टरचा हिशेब असा कुणी ठेवतो का, हा प्रश्न तिला पडला नाही. तिला फक्त रेघा दिसत होत्या, आणि तापलेली पोर. आता मुरुडला भावाकडं जायचं, ऋतुजाला घेऊन, आणि परत यायचं नाही, असं तिनं तिथंच ठरवलं. पण दुसऱ्या दिवशी लातूरच्या केंद्रात दाखवायची तारीख होती. मुरुडला जायच्या आधी वही पुढं टाकून चार माणसांत त्याचं तोंड बघावं, म्हणून ती गेली.

केंद्रातले समुपदेशक आनंदराज सर कधी घाई करत नसत. तिनं वही टेबलावर आपटली तरी त्यांनी आधी चष्मा पुसला.

"ह्या किती बाटल्या हायत, ते विचारा यांना," मंजुश्री म्हणाली.

दयानंदनं वहीकडं बघितलं आणि त्याचे कान लाल झाले. "बाटल्या न्हाईत त्या. वेढे हायत."

"वेढे?"

"तारंचे. धा वेढे झाले की एक रेघ. मोजता मोजता मला इसर पडायलाय, मंजू. चाळीस झाले का पन्नास, ध्यानातच ऱ्हात न्हाई. आधी मी गप्पा मारत मोजायचो. आता रेघ मारायची बी ऱ्हाती. तवाच गुंडप्पाची मोटार गेली. हे कुनाला सांगू? मिस्त्रीला मोजता येईना म्हनून?"

मग सरांनी दयानंदलाच विचारलं, "मोटारीवर लोड वाढला तर काय होतं?"

"स्टार्टर पडतो. मोटार आपोआप बंद होती."

"आणि नाहीच पडला तर?"

"मोटार जळती."

"ताई, तुम्हीही ऐका. आपल्या कपाळाच्या मागं मेंदूचा जो भाग आहे, तो या स्टार्टरसारखं काम करतो. थांब म्हणतो. मोजलेलं धरून ठेवतो. राग आला तर जरा दम धर म्हणतो. बारा वर्षं दारूनं तोच भाग खाल्ला. दारू सुटली म्हणजे तो दुसऱ्या दिवशी दुरुस्त होत नाही. महिने लागतात, वर्षही लागतं. कुणाचा पुरता भरतो, कुणाचा थोडा मागं राहतो. तोवर माणूस प्यायलेला नसतानाही प्यायल्यासारखा वागतो. मनात आलं की हातून होऊन जातं. ते ताट, ती शेळी, ते गाडीतून उतरणं."

मंजुश्रीच्या छातीवरचं काहीतरी उतरलं. पण पुरतं नाही. चार महिन्यांत तिला विचारायची सवय लागली होती.

"म्हंजे पिले न्हाईत तर?"

दयानंद खिडकीकडं बघत राहिला.

"बघा," मंजुश्री म्हणाली. "सर, बघा तुम्हीच."

आनंदराज सरांनी दयानंदकडं बघितलं नाही. तिला विचारलं, "घरी शपथ घ्यायला लावली का?"

"सासूबाईंनी. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून."

"मग ते कसं सांगतील? प्यायलो म्हटलं तर पोरीवर येतं, नाही म्हटलं तर खोटं होतं. ज्याच्या मेंदूचा स्टार्टर अजून नीट नाही, त्याचा पाय कधीतरी घसरतोच. घसरल्या दिवशी त्यानं इथं फोन केला पाहिजे. तुम्ही तो दरवाजाच बंद करून टाकलाय. ती शपथ सोडवा."

"सोडवली तर यांना धरून काय ठेवील? दुसरं काय हाय आमच्याकडं?"

तिचा आवाज चढला, तशी दयानंदची मान आणखी खाली गेली. मग तो जमिनीकडं बघतच बोलला.

"मागच्या शनिवारी. मळ्यावर मोटार बसवली. मालकानं गिलास पुढं केला, आन् हातात कवा आला ते मलाच कळलं न्हाई. दोन घोट. तिसरा थुकला. सोमवारी ऋतूला ताप." त्याचे ओठ वाकडे झाले. "मीच केलं ते, मंजू. आईचं खरं हाय. मीच."

इतके दिवस हेच ऐकायला मंजुश्री कान देऊन होती. पण ऐकल्यावर तिला राग यायला हवा तसा आला नाही, मुरुडही आठवलं नाही. समोर बसलेला माणूस चोरी लपवत नव्हता. आपण पोरगी मारायला निघालो, असं समजून तो आठवडाभर एकटा हिंडत होता.

"आमच्या शाळेतली सहा पोरं तापलीत," ती हळू म्हणाली. "टाकीचं पाणी खराब हाय. मीच हेडमास्तरांना सांगितलं. त्या सहांच्या बापांनी काय केलं मग?"

दयानंदनं वर बघितलं.

शपथ सोडवायची असं सासूला सांगायला तिनं घरी फोन लावला. उचलला ऋतुजानं. मंजुश्रीनं आजीला दे म्हणायच्या आत पोरगी कुजबुजली, "मम्मी, पप्पा पिले का? खरं सांग. मला आता चक्कर येत न्हाई, पन खरं सांग."

म्हणजे पोरगी अंथरुणात पडून हाच विचार करत होती. शपथ घातली त्या दिवसापासून तिनं बापाकडं बारीक नजर ठेवली होती, हे मंजुश्रीला एकाएकी कळलं. जेवताना ती त्याच्या जवळ सरकून बसायची, ते लाडानं नव्हतं.

मंजुश्रीनं फोन दयानंदच्या हातात दिला. तो घेईना. सर म्हणाले, "सांगा. तिलाच सांगा."

"पिलो होतो, ऋतू," दयानंद म्हणाला. "दोन घोट. मागच्या शनिवारी."

मग पोरीनं फोन तोंडापासून लांब धरला असावा, कारण आवाज लांबून आला, पण स्वच्छ आला.

"आजी, पप्पा पिले होते. मी मेले न्हाई. काल रात्रीपासून ताप बी न्हाई."

सुमनबाई काहीतरी बडबडली. मग ऋतुजा परत फोनवर आली.

"पप्पा, पुन्हा पिलात तर मला सांगताव का? का मी सारखं बघत ऱ्हाऊ?"

"सांगतो," दयानंद म्हणाला. "तू आता झोप."