पुसून टाकलेलं विरजण

थोरल्या लेकीला मुलगी झाली, त्याच साली साखरेच्या गोळ्या बनवणाऱ्या काकांना मधुमेह जडला. जन्मभर पाक घोटला, शेवटी तोच अंगाला लागला, असं म्हणून ते स्वतःच हसले आणि बिनसाखरेच्या गोळ्यांच्या मागे लागले. साखरेऐवजी त्यांनी दोन गोड पदार्थ धरले, मॅनिटॉल आणि सॉर्बिटॉल. मॅनिटॉलचा पाक निवता निवता दगड होई. सॉर्बिटॉलचा मात्र काही केल्या गोठेना, चार दिवसांनीही बोटाला चिकटे. इकडे मधुमेहाने डोळ्यांपुढे आलेलं धुकं दाट होत चाललं होतं. दिसतंय तोवर हा गोठलेला बघायचा, एवढाच त्यांचा हट्ट.

पुतणी स्फटिकांच्या प्रयोगशाळेत होती. सुट्टीच्या दिवशी ती त्या दोन्हींच्या रेणूंचे मणी आणि काड्यांचे सांगाडे घेऊन आली.

"काका, दोघांत अणू तेच आणि तेवढेच. फक्त एके ठिकाणी हात उलट्या बाजूला."

काकांनी मणी चाचपले. मॅनिटॉलचा कणा काठीसारखा सरळ. सॉर्बिटॉलचा मध्येच मुडपलेला.

"हा का वाकला गं?"

"सरळ राहिला तर दोन ऑक्सिजन एकमेकांच्या अंगावर येतात. म्हणून अंग चोरून बसतो."

"आमच्या जावा-जावांसारखा," काकू म्हणाल्या.

"सरळ काठ्यांची मोळी पटकन बांधली जाते. वाकड्यांना आधी कुणीतरी रचून दाखवावं लागतं. एक कण नीट रचलेला मिळाला, की बाकीचे त्याच्यावर बसत जातात."

काकांना आपलं पातेलं आठवलं. साखरेच्या पाकात चुकार दाणा पडला की सगळा पाक रवाळ होतो, म्हणून पातेल्याची कड ओल्या फडक्याने पुसायची, हे उस्तादाने कान पिळून शिकवलेलं. सॉर्बिटॉलची कडही ते तशीच लख्ख पुसत आले होते.

"म्हणजे विरजणच पुसत होतो मी."

"मग दही कसं लागणार," काकू म्हणाल्या.

काकांनी पाक कोमट होऊ दिला, सॉर्बिटॉलचीच न वितळलेली चिमूटभर पूड वर भुरभुरली आणि घोटू लागले. काचेसारख्या पाकात एक पांढरा ठिपका उमटला. तो पसरत कडेपर्यंत गेला. एवढं पांढरं त्यांना धुक्यातूनही दिसलं. त्यांनी पातेल्याला तळवा लावला.

"अगं, भट्टी विझलीय, आणि हे तापतंय."

"जागेवर बसताना ऊब सोडतात ते, काका."

पातेलं पुन्हा निवेपर्यंत त्यांनी तळवा काढला नाही. न दिसणाऱ्या त्या वाकड्या कण्यांची रांग आपल्या हाताखाली बसतेय, हे त्यांना तळव्यातून कळत होतं.

पुढच्या वर्षी, नात पाऊल टाकायला लागली त्या आठवड्यात, काका गेले.