डेट्रॉइटचं म्हणून घेतलेलं कार्ड

वेंडेल क्राउसने डेट्रॉइटचा संघ ऐंशी डॉलरला घेतला, तेव्हा त्याच्या डोक्यातला हिशेब सरळ होता. काहीच निघालं नाही तर ऐंशी गेले. संघातल्या नव्या पोराचं लाल कडेचं, सहीवालं कार्ड निघालं, तर गळकं छप्पर बदलून वर बायकोचं तोंड बंद. अशी कार्डं छापलेलीच पाच.

टोलिडोत व्हर्न टॅडलॉकच्या दुकानात शनिवारी नव्या बेसबॉल कार्डांची पेटी फुटते. आधी प्रत्येकाने एकेक संघ विकत घ्यायचा; मग व्हर्न पाकिटं फोडणार, आणि ज्या संघाचं कार्ड निघेल ते त्या संघाच्या मालकाचं. संघ ठरतो तो कार्डामागे छापलेल्या नावावरून, फोटोतल्या कपड्यांवरून नाही. खेळाडू संघ बदलतात, फोटो जुनेच राहतात. हा नियम नवख्यांना समजावून सांगायची हौस वेंडेललाच फार. मी सिनसिनाटी घेतला होता. मार्लिसबाईंनी कॅन्सस सिटी, कारण तो पंधरा डॉलरला मिळत होता. बाई सत्तरीच्या, स्कूलबस चालवून निवृत्त. स्वतःसाठी स्वस्तातलं घेतात आणि सगळ्यांसाठी डोनट आणतात.

मधल्याच एका पाकिटात लाल कड चमकली.

"बाप रे! डेट्रॉइट!" व्हर्न ओरडला. "वेंडेल, लेका, लागली की लॉटरी!"

फोटोत पोरगं डेट्रॉइटच्या कपड्यांत, खाली निळी सही. सगळ्यात जोरात टाळ्या मार्लिसबाईंच्या. वेंडेलने कार्ड पातळ कव्हरात सरकवलं, उलटं केलं, आणि लगेच सुलटं करून छातीशी धरलं. त्याचे कान लाल झाले. आम्हाला वाटलं, आनंदाने.

"बघू रे," मार्लिसबाईंनी हात पुढे केला. "मागचं बघू दे. पोराचं वय काय ते."

"नको हो बाई. तुमचे हात डोनटचे. डाग पडला तर अर्धी किंमत जाईल."

बाईंनी बोटांवरची साखर पाहिली, हात जीन्सला पुसले आणि मागे घेतले. शरमल्या बिचाऱ्या. वेंडेलने त्यांना शरमू दिलं.

मग त्या गल्ल्याशी गेल्या आणि चुंबकाने मिटणारी, जाड पारदर्शक डबी घेऊन आल्या. बारा डॉलरची.

"घे, माझ्याकडून भेट. एवढं मोठं कार्ड त्या पिशवीत काय ठेवतोस! आणि आता माझ्या साखरेचीही भीती नको."

सगळे बघत होते. वेंडेलला नाही म्हणायला कारण सापडेना. त्याने कार्ड डबीत ठेवलं. बाईंनी डबी उचलली, उलटी केली, चष्मा नाकावर ओढून वाचलं. मागे असतात चार ओळी, पण बाई वाचतच राहिल्या. वर बघेनात. वेंडेलला बोलायला त्या जागा देत होत्या, असं आज वाटतं.

"छपाईची चूक असेल," वेंडेल म्हणाला.

"कसली चूक?" व्हर्नने विचारलं. तोवर कुणी काही म्हटलंच नव्हतं.

व्हर्नने डबी घेऊन मोठ्याने वाचलं, "कॅन्सस सिटी." मी उगाच एक डोनट उचलला. नजर कुठेतरी ठेवायला हवी होती.

"मी सांगणारच होतो बाई, शप्पथ..."

"शप्पथ नको रे," बाई म्हणाल्या. "हात धुऊन आले असते मी. नुसतं सांगायचंस."

त्यांनी डबी उघडली, कार्ड उघड्या बोटांनी काढून पर्समध्ये टाकलं आणि रिकामी डबी वेंडेलपुढे सरकवली. "ही तुझी. दिलेली भेट मी परत घेत नाही."

वेंडेलने ती घेतली. ठेवून जायचं तर कुणाकडे तरी बघावं लागलं असतं.

पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्याचा डेट्रॉइट मीच घेतला, थोडा स्वस्तात. बाईंच्या कार्डाच्या कोपऱ्यावर बोटाचा ठसा उमटलाय, व्हर्न म्हणतो किंमत चांगलीच उतरली. ती तूट बाईंची. डबीचे बारा, तेही बाईंचेच.