चौकटीबाहेरची खुर्ची

प्रत्येक उत्तराआधी तो माणूस डावीकडे बघत होता. मान न वळवता, नुसती नजर. बुबुळं कडेला जायची, क्षणभर थांबायची, परत यायची आणि मगच तो बोलायचा. अध्यक्षबाईंनी चित्रफीत मागे नेली, आवाज बंद केला आणि पुन्हा पाहिली. आवाज नसताना ते जास्त स्पष्ट दिसत होतं.

तो लिफ्ट दुरुस्त करणारा होता. एका इमारतीत एकट्या राहणाऱ्या म्हातारीचा खून झाला, त्या दिवशी तो तिथे कामाला होता. त्याच्याविरुद्ध मुख्य पुरावा एकच, या चित्रफितीतला कबुलीजबाब. पोलिसांनी उत्तम चित्रीकरणाचा नमुना म्हणून ही चित्रफीत बाईंच्या विधिमंडळ समितीकडे पाठवली होती.

समितीपुढे नव्या कायद्याचं एकच कलम अडलं होतं. चौकशीचं चित्रीकरण पहिल्या प्रश्नापासून व्हावं, विचारणारा आणि सांगणारा दोघेही चौकटीत दिसावेत. नाहीतर कबुलीजबाब पुरावा म्हणून चालणार नाही. चालू खटल्यांतही नाही. इथून पुढे गेलं तर सभागृहात ते मंजूर होणार, हे सगळ्यांना माहीत होतं. मतं समसमान पडली होती. निर्णायक मत बाईंचं होतं. त्यांनी बैठक पुढे ढकलली, मग पुन्हा ढकलली.

कारण डावीकडे कोण बसलं होतं ते त्यांना ठाऊक होतं. त्यांचा धाकटा भाऊ, चौकशी करणारा पोलीस अधिकारी.

चौकशीची ती खोली बघायला त्या गेल्या तेव्हा भावाने स्वतः दार उघडून धरलं. दाराच्या कडेने रबराची पट्टी होती. ते बंद झालं आणि बाहेरचे आवाज कापल्यासारखे थांबले.

"बस ना ताई. एरवी लोकांना धरून बसवावं लागतं."

जमिनीला बोल्टने आवळलेली ती खुर्ची होती. बाई बसल्या आणि हळूहळू पुढे घसरू लागल्या. सावरायला मांड्या ताठ कराव्या लागत होत्या.

"हिचे पुढचे पाय आखूड आहेत."

"जुनी आहे गं. झिजली असेल."

"नेमकी पुढूनच?"

तो हसला. "शाळेपासून तुझं हे असंच. मोजपट्टी घेऊनच जन्माला आलीस तू."

"तो प्रत्येक वेळी तुझ्याकडे बघतो."

"मग काय भिंतीकडे बघेल? प्रश्न मी विचारतोय."

"प्रश्न विचारताना नाही बघत. विचारून झाल्यावर बघतो. बोलायच्या आधी."

भावाने आपली प्लॅस्टिकची खुर्ची उचलली, त्यांच्या डाव्या बाजूला ठेवली आणि बसला. कॅमेऱ्यात न येणारी जागा त्याला न बघता सापडली.

"ताई, मत दे म्हणून तुझ्या मागे कोण लागलंय? बाजूला हो. भावाचं प्रकरण आहे, मला यात पडायचं नाही, असं सांग. लोक वाहवा करतील. पेपरात फोटो येईल तुझा."

"आणि कलम पडेल."

"पडलं तर पडलं. तुझ्यावर कुणी बोट ठेवणार नाही."

"चित्रफितीत पहिलाच प्रश्न 'मग पुढे काय केलंस' असा आहे. त्याच्या आधी काय झालं?"

"चहापाणी." तो अगदी मऊ आवाजात म्हणाला. "आई रोज विचारते, ताई कधी येणार. माझ्याकडेच असते ना ती. तू कधीही येऊ शकतेस, पण दार मलाच उघडावं लागतं. तिला काय सांगू, तेवढं सांग."

बाईंच्या लक्षात आलं, आपणही उत्तर शोधताना डावीकडे बघतोय.

दाराला आतून मूठ नव्हती. भावाने बाहेरच्या हवालदाराला हाक मारली. दार लगेच उघडलं नाही. तोवर तो बहिणीकडे बघत शांत बसून होता. त्याला घाई नव्हती.

पुढच्या बैठकीच्या दिवशी समितीच्या खोलीबाहेर दोन पोलीस उभे होते. याआधी तिथे कधी पहारा नसायचा. कुणी पाठवलं, असं विचारल्यावर ते म्हणाले, "बाईंच्या काळजीपोटी."

"ताई, आज तरी उरका," विरोधात मत दिलेले ठेकेदार सदस्य म्हणाले. "मागच्या बैठकीला नातवाला दात नव्हते, आता तो मला चावतो."

सगळे हसले. बाजूने मत दिलेल्या वकीलबाई मात्र हसल्या नाहीत. त्या खाली वाकून हळूच म्हणाल्या, "तुम्ही बाजूला झालात तरी तुम्हाला कुणी नावं ठेवणार नाही."

"तेच तर," बाई म्हणाल्या.

टेबलावरचा फोन थरथरला. भावाचा निरोप होता: आई तयार होऊन बसली आहे. कुठे सोडू?

बाईंनी तो दोनदा वाचला. आई गेली कित्येक वर्षं त्या घरातून कुठेच गेली नव्हती. दाराच्या काचेपलीकडच्या पोलिसांपैकी एक फोनवर बोलत होता आणि बोलता बोलता आत बघत होता. लिफ्टवाल्याच्या खटल्याचा निकाल येत्या आठवड्यात होता. बाजूला व्हायचं तर एक वाक्य पुरलं असतं, आणि ते वाक्य सभ्यही होतं.

सचिवाने विचारलं, "अध्यक्षांचं मत?"

बाईंनी फोन पालथा घातला.

"ज्या कबुलीजबाबावर आपण बोलतोय तो माझ्या भावाने घेतलाय. हे आधी लिहून घ्या. तरीही मी बाजूला होणार नाही. माझं मत कलमाच्या बाजूने आहे. चालू खटल्यांसकट."