पोटात काय काय जातंय

प्राण्यांच्या दवाखान्यात वजनकाट्यावर ढब्बूचे मागचे पाय घसरले, तसं घड्याळजींनी त्याला पोटाखालून सावरलं. एरवी हा कुत्रा कुणाला हात लावू देत नसे. आज त्याने मान मुकाट्याने त्यांच्या मनगटावर टाकून दिली.

"दहा दिवसांत पार मलूल झालाय," त्यांची सून डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "चालताना झोकांड्या खातो. खाणंही जवळजवळ सुटलंय."

घड्याळजींशी ती थेट बोलत नसे, तेही तिच्याशी बोलत नसत. भांडण म्हणावं असं काही नव्हतं. लग्नापासून दोघांचे निरोप मुलाच्या मार्फत जायचे आणि तीच सवय अंगवळणी पडली. आता मुलगा दोन महिन्यांसाठी परगावी कामाला गेला होता, त्यामुळे जेवायची हाक सोडली तर घरात शब्द नव्हता.

घड्याळजी मनाची तयारी करूनच आले होते. बारा वर्षांचा कुत्रा. चार वर्षं फिटांची गोळी चालू, त्यात आता सांधे धरलेले. ते डॉक्टरीणबाईंकडे वळले.

"त्याचे हाल नकोत. मोकळं करा त्याला."

सुनेने चटकन तोंड भिंतीकडे वळवलं आणि बाहीने डोळे पुसले.

"तशी वेळ आली तर करू, काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आधी सांगा, गोळीशिवाय याच्या पोटात काय काय जातंय?"

"काही नाही," दोघं एकदमच म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"मी रागावणार नाही. पण तो बिचारा काही सांगणार नाही, तुम्हालाच सांगावं लागेल."

घड्याळजींची कानशिलं तापली. चाळीस वर्षं त्यांनी घड्याळांना सुईच्या टोकाने तेल दिलं होतं. थेंबभर जास्त झालं की चक्रं चिकटतात, हे ते गिऱ्हाइकांना बजावून सांगत. आणि घरच्या कुत्र्याच्या बाबतीत मात्र त्यांनी 'झाडपाल्याचंच तर आहे, काय बिघडतंय' म्हणून स्वतःची समजूत घातली होती. त्यांनी खिशातून छोटी बाटली काढून टेबलावर ठेवली.

"सीबीडी तेल, भांगेच्या झाडाचं. सांध्यांसाठी, मित्राने दिलं. दुपारी आठ थेंब देतो. हिला आवडणार नाही, म्हणून बोललो नाही."

सून बाटलीकडे बघतच राहिली. मग तिने पर्स उघडली. तीच बाटली, तेच लेबल.

"मी सकाळी देते. दहा थेंब," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाल, नसते उद्योग..."

डॉक्टरीणबाईंनी आलेलं हसू गिळलं.

"हे तेल आणि फिटांची गोळी, दोन्हींचा निचरा यकृतच करतं. तेल गेलं की गोळी लवकर बाहेर पडत नाही, अंगात साठते. ही गुंगी त्याचीच असावी. त्यात तुमचा दुहेरी डोस! आजपासून तेल बंद. गोळी मात्र एकही चुकवायची नाही आणि मनाने कमीही करायची नाही. मी रक्त तपासते. पुढेमागे तेल द्यावंसं वाटलं तर आधी मला विचारायचं."

"म्हणजे तो..." घड्याळजींनी ढब्बूच्या पाठीवर हात ठेवला.

"रिपोर्ट येईपर्यंत वचन देत नाही. पण मोकळं करायची घाई नको."

बाहेर पायऱ्यांपाशी घड्याळजी थबकले.

"मीच मारला असता त्याला."

"आपण दोघांनी," सून म्हणाली. "तुम्ही पुढून धरा, बाबा. मी मागून धरते."

रिपोर्ट आला. रक्तात गोळीचं प्रमाण फार वाढलं होतं आणि यकृतावर ताण होता, पण तो ओसरेल असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. चौथ्या दिवशी ढब्बूने वाटी चाटूनपुसून साफ केली.

दुसऱ्या आठवड्यात घड्याळजींनी सुनेच्या ऑफिसात फोन लावला. असा फोन त्यांनी आजवर कधी केला नव्हता. तिचा आवाज घाबराघुबरा आला.

"काय झालं बाबा? ढब्बूला काही..."

"माझी नवी चप्पल फाडली त्याने."



"एक की दोन्ही?"

"दोन्ही. पार चिंध्या."

ती हसायला लागली, आणि त्या हसण्याचं रडणं कधी झालं ते कळलंच नाही. घड्याळजी फोन कानाला धरून उभे राहिले. ढब्बू उरलेला पट्टा तोंडात घेऊन पलंगाखाली शिरला, आणि त्यांनी त्याला शिरू दिलं.