सदतीस घरांचं आवतण

कृष्णात पोवारांना माणसांशी बोलायचं म्हटलं की घशाला कोरड पडायची. बत्तीस वर्षं ग्रंथपालाच्या खुर्चीत बसून त्यांनी निम्म्या पेठेला पुस्तकं दिली, पण मान वर करून कुणाला ‘कसं काय’ विचारलं असेल तर शपथ. जे सांगायचं ते लिहून सांगायचं, अशी त्यांची रीत. म्हणून यंदाच्या उन्हाळी वाचनात त्यांनी प्रत्येक मुलाला एक वही दिली. पुस्तक वाचायचं, काय वाटलं ते चार ओळींत लिहायचं, आणि त्याखाली सरांनी बारीक अक्षरात उत्तर द्यायचं.

दीड महिन्यात सदतीस वह्या भरत आल्या. ओढ्यापलीकडच्या वसाहतीतल्या संघप्रियाची तर दुसरी वही सुरू झाली होती. एकदा तिनं लिहिलं, ‘या गोष्टीतली आई फार रडते. माझी आई रडत नाही, भांडते.’ पोवारांनी खाली लिहिलं, ‘भांडणाऱ्या आईची गोष्ट अजून माझ्या वाचनात आलेली नाही. तू लिही.’ ते लिहून झाल्यावर ते स्वतःशीच हसले, आणि कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून त्यांनी आजूबाजूला बघितलं.

हे सगळं चाललं होतं वाचनालयाच्या मागच्या खोलीत, मुलांच्या विभागात. आणि त्या खोलीवर अध्यक्ष हंबीररावांचा डोळा होता.

“पोवार, स्पर्धा परीक्षेची पोरं अभ्यासिकेसाठी माझ्या दारात उभी हायत,” एप्रिलमध्येच ते म्हणाले होते. “आणि तुमच्या त्या खोलीत उंदरं सोडली तर कोण वाचतंय?”

“मुलं येतात, साहेब.”

“सुट्टी हाय म्हणून येत्यात. घरात पंखा बंद पडला म्हणून येत्यात. त्यांच्या घरच्यास्नी तरी ठावं हाय का, हितं वाचनालय हाय म्हणून?”

शेवटी ठरलं ते असं : मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी कुटुंब मेळावा घ्यायचा. प्रत्येक मुलानं आपल्या घरच्यांसमोर एक गोष्ट वाचायची. तीस घरं आली तर खोली मुलांची. नाही आली तर एक जूनला आत अभ्यासिकेची टेबलं.

पोवारांनी सुंदर कार्डं केली. प्रत्येक कार्डावर हातानं मुलाचं नाव, खाली ‘पालकांनी अगत्य येण्याचे करावे’. मुलांच्या हाती कार्डं दिली, फळ्यावर सूचना लावली, मोबाईलच्या गटावर तीनदा टाकली.

झाडलोट करणाऱ्या शालूबाईंनी केरसुणी टेकवून विचारलं, “सर, आवतण दिलंसा का?”

“कार्डं पाठवली की.”

“पोरांच्या हातनं? मग पोरंच येत्याली. कार्यक्रम घरचा म्हणतासा आणि दारात जाऊन या म्हणाय नको? बारशाला सुदीक माणूस दारात जातंय.”

“हे बारसं नव्हे, शालूबाई. वाचनालयाचा कार्यक्रम आहे.”

“मग बसा वाचत,” म्हणून शालूबाई पुन्हा झाडू लागल्या.

बोलणं झोंबलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोवार घरांची यादी खिशात घालून निघाले. पहिलंच घर दोन गल्ल्या सोडून होतं. फाटकापर्यंत पोचले. आत टीव्ही चालू होता, कुणीतरी मोठ्यानं हसलं. ते आपल्यालाच हसलं असं काही नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं. पण जाऊन म्हणायचं काय? मी पोवार, वाचनालयातला? कोण पोवार, असं कुणी विचारलं तर? कडीवर ठेवलेला हात त्यांनी हळूच काढून घेतला आणि काही विसरल्यासारखे माघारी फिरले. यादीची घडी मोडलीच नाही. कार्डं गेली आहेत, ज्यांना यायचं ते येतील, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

त्या आठवड्यात ते बोलले ते एकाच माणसाशी. कोपऱ्यावर ताक विकणाऱ्या धोंडुबाईंशी. रोज दुपारी ते तिथं पेलाभर ताक पीत. धोंडुबाईंची नात संयोगिता वाचनाला यायची.

“मास्तर, कसली एवढी गडबड चाललीया?”

पोवारांच्या तोंडून निघून गेलं, “रविवारी पाचला या. नातीला घेऊन. याच.”

रविवारी पन्नास खुर्च्या मांडल्या. भिंतीलगतच्या लांब टेबलावर सदतीस मुलांच्या वह्या, घरच्यांनी चाळाव्यात म्हणून उघडून ठेवलेल्या. पाच वाजता अकरा मुलं आली. सगळी एकेकटी. पुढच्या रांगेत बसली आणि माना वळवून दाराकडे बघू लागली. संघप्रिया आलीच नव्हती. पहिली गोष्ट तीच वाचणार होती.

साडेपाच झाले. सव्वापाचपासून हंबीरराव मनगटावरच्या घड्याळाशी खेळत होते. “पोवार, पावणं ऱ्हायलं लांब, तुमच्या खुर्च्याच लाजाय लागल्यात.”

तेवढ्यात धोंडुबाई आल्या. काठापदराचं हिरवं लुगडं, केसांना तेल, एका हाताला नात आणि दुसऱ्या हातात ताकाची कळशी.

“आज गाडा लावला न्हाई,” त्या म्हणाल्या. “एवढी माणसं येणार, त्यास्नी उन्हाचं काय तरी पाहिजे की. कुटं हायत सगळी?”

धोंडुबाई रिकाम्या खुर्च्या बघत राहिल्या. मग अगदी मधल्या खुर्चीत बसल्या, कळशी पायाशी ठेवून.

“तुम्ही गाडा बंद ठेवून आलात,” पोवार कसेबसे म्हणाले.

“म्हंजे? तुमी सवता बोलावलंसा. न येऊन कसं चालंल?”

पोवारांनी एका घराला तोंडानं बोलावलं होतं, आणि एकच घर आलं होतं. शालूबाई दाराशी केरसुणी धरून उभ्या होत्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

संयोगितानं गोष्ट वाचली. धोंडुबाईंना अक्षर येत नव्हतं, पण नात जिथं थांबे तिथं त्या ‘हं’ म्हणत. सहापर्यंत बाकीची मुलं एकेक करून निसटली. हंबीररावांनी पेलाभर ताक घेतलं, मिशी पुसली आणि म्हणाले, “एक घर. लिहून ठेवा. उद्या सुतार येतोय.” कळशी जवळजवळ भरलेलीच परत गेली.

सोमवारी सुतार आला. पुस्तकं पोत्यांत भरली जात असताना पोवार उठले, वह्यांचा गठ्ठा उचलला आणि बाहेर पडले. मुलांच्या वह्या मुलांना द्यायलाच हव्या होत्या. तीन दिवस ते घरोघर फिरले. आता भीती वाटत नव्हती. भ्यायला काही उरलंच नव्हतं.

कोण पोवार, असं एकाही घरात कुणी विचारलं नाही. “वहीत लिवणारं सर न्हवं? आत या की! चहा टाक गं!” आणि मग हटकून तेच. “कार्ड आलतं की. पण कुणी बोलवाय आलंच न्हाई. म्हटलं, पोरांचंच काय तरी असंल.” एका घरात माणसानं कपाळावर हात मारला. “आवं, दोन पावलं येऊन सांगितलं असतं तर अख्खी गल्ली आणली असती.” पोवार ‘हो, हो’ म्हणत राहिले आणि कपातला चहा गार होत राहिला.

शेवटचं घर संघप्रियाचं. तिची आई अंजना दारातच उभी राहिली.

“कार्ड मिळालं,” ती म्हणाली. “त्यावर ‘पालक’ लिहिलेलं. कुठले पालक, ते आम्ही कसं ओळखायचं? माझे वडील तुमच्या वाचनालयाच्या पायरीवर उभं राहून पेपर वाचायचे. आत या म्हणून कुणी म्हणालं न्हाई. तवापासनं आमच्यात एक ठरलंय. न बोलावता तिकडं जायचं न्हाई. ही पोरगी रविवारी दिवसभर रडली, तरी मी सोडली न्हाई.”

पोवारांना ती पायरी माहीत होती. तिथं उभं राहणारी माणसंही त्यांनी पाहिली होती. तेव्हाही त्यांनी मान वर केली नव्हती.

“चूक माझी आहे,” ते म्हणाले.

अंजनाचा आवाज थोडा खाली आला. “आता आलासा. हेच पंधरा दिवस आधी आला असतासा तर...” तिनं वाक्य तिथंच सोडलं आणि खुर्ची पुढं केली.

संघप्रियानं आपल्या दोन्ही वह्या छातीशी धरल्या. “सर, पुढच्या वर्षी कधी आहे?”

त्या खोलीत आता टेबलं लागली आहेत, पुस्तकं पोत्यांत आहेत, एवढंच सांगायचं होतं. माणसांशी बोलायला ते आता कुठं शिकले होते, आणि नेमकं हेच बोलता येईना.

“मी येईन सांगायला,” ते म्हणाले. “स्वतः येईन.”

संघप्रियानं लगेच वही उघडली, शेवटच्या पानावर काहीतरी लिहिलं आणि नेहमीसारखी त्यांच्यापुढं धरली. ‘पुढच्या वर्षी सर स्वतः सांगायला येणार आहेत.’ खाली त्यांच्या उत्तरासाठी दोन ओळी सोडल्या होत्या.

पोवारांनी खिशातलं पेन काढलं. टोपण उघडलं. मायलेकी वाट बघत होत्या. बराच वेळ ते त्या दोन कोऱ्या ओळींकडे बघत राहिले, आणि मग टोपण लावून त्यांनी वही तशीच परत दिली.