ओल्या पाल्याचा गहू

कीड लागू नये म्हणून सुनेने कडुलिंबाचा हिरवा पाला तसाच कोठीत कोंबला आणि चौथ्या दिवशी वर्षभराच्या गव्हाला दमट वास सुटला.

"विषाच्या गोळ्याच आणतो," मुलगा म्हणाला.

"कोठीशेजारी तुझी लेक झोपते, डोळे फुटले का?" सासूबाई कडाडल्या. सुनेला रडू फुटलं. "आणि तू रडू नकोस, गहू आधीच ओला आहे!"

त्यांनी गहू उन्हात पसरायला लावला, पाला मात्र सावलीत वाळवला. पान चुरगळताच त्याची पूड झाली, तेव्हाच कोठीत गहू-पाल्याचे थर घालू दिले.

चार महिन्यांनी सुनेने कोपरापर्यंत हात घालून मूठभर गहू काढला. एक किडा नाही. शेजारीण बघतच राहिली.

"पाला सावलीतच वाळवायचा, काकू," सून ऐटीत सांगू लागली. सासूबाईंनी जन्मात पहिल्यांदा मध्ये तोंड घातलं नाही.